जुन्या चष्म्याच्या काचा दुसऱ्या फ्रेममध्ये बसवायच्यात? आधी ब्रिजचा आकडा बघा

फ्रेमची काडी मोडते, बिजागरी निखळते, रंग उडतो, पण काचा मात्र ठणठणीत असतात. घरोघरी ड्रॉवरमध्ये असे दोन-तीन चष्मे पडून असतात, नंबर अजूनही तोच असतो, आणि तरी आपण नवीन फ्रेम घेताना काचांचे पैसे परत मोजतो. जास्त नंबरवाल्यांना तर फ्रेमपेक्षा काचाच महाग पडतात, हाय इंडेक्स म्हणजे त्याच नंबरला पातळ होणारी काच घ्यायची, त्यावर कोटिंग, हे सगळं आलंच. त्या काचा पुन्हा वापरता येतात, बऱ्याच वेळा अगदी छान येतात, फक्त कुठल्या फ्रेममध्ये जातील आणि कुठल्या नाही हे फ्रेम विकत घ्यायच्या आधी कळलं पाहिजे. दुकानात फ्रेम आवडली, घेतली आणि मग काच त्यात जातच नाही असं कळलं की झाला घोळ. म्हणून हे जरा बैजवार लिहितोय.

सगळ्यात आधी नंबर. डोळे तपासून बराच काळ झाला असेल तर आधी तपासून घ्या, जुन्या नंबरच्या काचा नवीन फ्रेममध्ये टाकून काही उपयोग नाही. जुन्या चष्म्याचा कागद हरवला असला तरी अडत नाही, चष्मेवाल्याकडे लेन्सोमीटर असतो, त्यावर काच ठेवली की नंबर, सिलिंड्रिकल (एकाच दिशेपुरता असलेला नंबर), ऍक्सिस (ती दिशा, अंशांमध्ये) सगळं दोन मिनिटांत कळतं, तेवढं लिहून मागा. मग काचेची तब्येत बघा, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून. मधोमध ओरखडे असतील तर ते निघत नाहीत, टूथपेस्ट वगैरे घासून तर अजिबात नाही, त्याने उलट कोटिंगच जातं. कोटिंगवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील तर ती काच कधीतरी उन्हात गाडीत राहिलेली असते किंवा गरम झालेली असते, तिच्यावर पुन्हा फिटिंगचा खर्च करू नका. उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा जुन्या झाल्या की कमी काळ्या होतात आणि घरात असतानाही पिवळसर दिसतात, ते चालणार आहे का हेही आत्ताच ठरवा. आणि कडेला टवका किंवा चीर असेल तर ती कापाकापीत जाईल एवढी जागा आहे का ते पुढे मोजताना कळेल.

आता मुख्य मुद्दा. काच घासून लहान करता येते, मोठी करता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे लोक काय करतात, जुन्या काचेपेक्षा लहान दिसणारी फ्रेम आणतात आणि समजतात झालं काम. पण नुसतं लहान असून भागत नाही. प्रत्येक नंबरच्या काचेत एक ऑप्टिकल सेंटर असतं, म्हणजे जिथून उजेड न वळता सरळ जातो तो बिंदू, आणि तो तुमच्या बुबुळाच्या समोर यायला लागतो. काच कापताना हा बिंदू काचेच्या मध्यावर नसतो, साधारणपणे नाकाच्या बाजूला सरकवलेला असतो, कारण फ्रेम डोळ्यांपेक्षा रुंद असते. म्हणजे काचेची नाकाकडची बाजू आधीच आखूड आणि कानाकडची लांब. नवीन फ्रेमला नाकाच्या बाजूला जास्त काच लागली तर ती येणार कुठून?

हे आकड्यांत बघू. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला किंवा ब्रिजच्या मागे असं काहीतरी लिहिलेलं असतं, 54, मग एक छोटा चौकोन, मग 18, मग 140. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा ब्रिज म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. आणि तुमचा पीडी हवा, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, तो कागदावर नसेल तर चष्मेवाल्याकडून मोजून घ्या.

समजा पीडी 62 आहे. जुनी फ्रेम 54-18. बुबुळ नाकाच्या मध्यापासून 31 वर, ब्रिजचा अर्धा 9, म्हणजे सेंटरपासून नाकाकडच्या कडेपर्यंत 31 वजा 9, 22 मिमी काच आहे. रुंदी 54, तर कानाकडे उरली 32. आता नवीन फ्रेम 50-20 घेतली तर नाकाकडे लागणार 31 वजा 10 म्हणजे 21, कानाकडे 29. दोन्ही बाजूंना आपल्याकडे जास्त आहे, काच बसेल. आता दुसरी फ्रेम बघा, 52-16. काचेची रुंदी 54 पेक्षा कमीच आहे, बघून कोणीही म्हणेल की बसेल. पण नाकाकडे लागणार 31 वजा 8 म्हणजे 23, आणि आपल्याकडे आहेत 22. नाही बसत. बसवलीच तर सेंटर सरकवून बसवावी लागेल, आणि तो तोटा रोज डोळे सोसणार.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, रुंदी नंतर बघा, आधी ब्रिज बघा. नाकाच्या बाजूला किती काच लागणार हे फक्त पीडी आणि ब्रिजवर ठरतं, त्यात काचेची रुंदी येतच नाही. पीडी तर तुमचा तोच आहे. त्यामुळे नवीन फ्रेमचा ब्रिज जुन्यापेक्षा कमी असेल तर ती फ्रेम खाली ठेवा, पुढचं काही मोजायची गरज नाही. ब्रिज तेवढाच असेल तर काठावर, कडेचा थर घासायला मार्जिन राहत नाही. दोन मिमी जास्त असेल तर उत्तम.

पण हे सगळं गणित जुना चष्मा तुमच्या पीडीवर नीट बनवलेला होता असं धरून आहे, आणि तसं नेहमी नसतं. ते घरीच तपासता येतं आणि करून बघण्यासारखं आहे. एका पांढऱ्या कागदावर पट्टीने मोठी ठळक अधिकची खूण काढा, कागद भिंतीला चिकटवा. एक डोळा मिटून चष्मा हातभर लांब धरा आणि एका काचेतून त्या खुणेकडे बघा. काचेच्या आतल्या रेघा आणि बाहेरच्या रेघा तुटक दिसतील, काच हळूहळू हलवा, एका जागी आली की आडवी आणि उभी दोन्ही रेघा सलग दिसतात, मध्ये कुठेच तुटत नाहीत. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे काचेवर बारीक मार्करने ठिपका द्या, तेच ऑप्टिकल सेंटर. हे करताना एक गोष्ट आपोआप कळते, काच सरकवली की रेघ काचेबरोबर त्याच दिशेला सरकते तर मायनस नंबर, उलट दिशेला पळते तर प्लस (प्लस नंबर जास्त असेल तर हे चष्मा डोळ्याजवळ धरून बघा, लांबून उलटं दिसतं). आणि काच गोल फिरवल्यावर रेघा कात्रीसारख्या उघडमीट करायला लागल्या तर त्यात सिलिंड्रिकल नंबर आहे. सिलिंड्रिकल असेल तर आधी काच एवढी फिरवा की रेघा तिरक्या दिसायच्या थांबतील आणि मग सेंटर शोधा. फार कमी नंबर असेल तर हे सेंटर नीट सापडत नाही, रेघा सगळीकडेच जवळपास सलग दिसतात, पण मग तिथे एवढ्या तेवढ्याने फरकही पडत नाही. मुद्दाम प्रिझम (उजेड एका बाजूला वळवणारा परिणाम) दिलेला चष्मा असेल तर मात्र ही पद्धत लागू नाही, त्या काचा थेट ऑप्टोमेट्रिस्टकडे न्या.

दोन्ही काचांवर ठिपके दिले की पट्टीने त्यांच्यातलं अंतर मोजा. पीडीच्या आसपास आलं तर गाडी रुळावर आहे.

सेंटर चुकलं तर नेमकं किती बिघडतं याचाही हिशोब सोपा आहे. सेंटर जितके सेंटिमीटर सरकलं तितक्याला नंबरने गुणा, तेवढा प्रिझम तयार होतो. नंबर 1 असेल आणि सेंटर 3 मिमी सरकलं तर 0.3, बहुतेकांना कळणारही नाही. नंबर 5 असेल तर तेच 3 मिमी म्हणजे 1.5 प्रिझम, आणि दोन्ही सेंटर नाकाकडे किंवा दोन्ही कानाकडे तेवढीच सरकली असतील तर मिळून 3. मग कपाळ दुखतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात, वाचताना अक्षरं पोहतात, आणि माणूस नंबरला दोष देतो. वर-खाली चुकलेलं तर त्याहून वाईट, आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात पण एक सेंटर वर आणि एक खाली असेल तर फार कमी सहन होतं. त्यामुळे कमी नंबरवाल्यांनी थोडं इकडेतिकडे चालवलं तर चालेल, पण तीन-चारच्या पुढचा नंबर असेल तर मिलिमीटरला जपा.

काचा फ्रेममधून काढायच्या आधी खुणा करायच्या, हे विसरू नका. चष्मा टेबलावर सरळ ठेवून पट्टी दोन्ही काचांवर आडवी धरा आणि दोन्हीवर एकाच उंचीला आडवी रेघ मारा. उजवीवर उ, डावीवर डा, वरच्या बाजूला बाण, सगळं पुढच्या पृष्ठभागावर. ही आडवी रेघ सिलिंड्रिकलवाल्यांसाठी जीव की प्राण आहे, कारण काच थोडी जरी फिरली तरी ऍक्सिस बदलतो. 10 अंश फिरली तर सिलिंड्रिकलच्या साधारण एक तृतीयांश एवढी चूक राहते, 30 अंश फिरली तर जेवढा सिलिंड्रिकल नंबर आहे तेवढीच चूक, म्हणजे तो नंबर असून नसल्यासारखा. ज्यांचा नंबर नुसता गोल म्हणजे स्फेरिकल आहे त्यांना ही काळजी नाही. गोल आकाराच्या फ्रेममध्ये सिलिंड्रिकल काच टाकणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्या, स्क्रू सैल झाला की काच तिथल्या तिथे फिरते आणि दिसायला काहीच बदललेलं नसतं. खुणा नंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतात. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात ऍसिटोन असेल तर पॉलिकार्बोनेटची म्हणजे सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकची काच खराब होते.

आता बसते की नाही याची खरी परीक्षा, कागदी गणिताच्या पुढची. नवीन फ्रेममध्ये दाखवण्यासाठी जी साधी प्लॅस्टिकची डमी काच असते ती फेकायला देऊ नका. ती फ्रेम नाकावर नीट बसवून घ्या, पॅड वगैरे ऍडजस्ट करून, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत सरळ बघा, त्याला डमी काचेवर तुमच्या बुबुळाच्या समोर ठिपका द्यायला सांगा, दोन्ही डोळ्यांना. दोघांचे डोळे एका उंचीवर पाहिजेत, नाहीतर ठिपका खालीवर जातो. मग दोन्ही डमींवर आडवी रेघ मारा, त्या काढा, जुन्या काचेवर ठेवा, ठिपक्यावर ठिपका, रेघ रेघेला समांतर, पुढची बाजू पुढेच. आता कडा बघा. डमीच्या सगळ्या बाजूंनी जुनी काच निदान मिलिमीटरभर बाहेर दिसली पाहिजे. रुंदीत बसणारी काच कित्येकदा कोपऱ्यात फसते, खास करून जुनी काच गोल किंवा अंडाकृती आणि नवीन फ्रेम चौकोनी असेल तेव्हा, किंवा एव्हिएटरसारखी गालाकडे खाली उतरणारी असेल तेव्हा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि याच्यानंतर शंका उरत नाही. चष्मेवाल्यालाही असं ठेवून दाखवलं की तो लगेच हो किंवा नाही सांगतो.

फ्रेमचा प्रकार बदलताना अजून एक भानगड असते. फुल रिम फ्रेमच्या काचेला कडेने टोकदार धार काढलेली असते, ती रिमच्या खाचेत बसते. सुप्रा म्हणजे अर्ध्या रिमच्या फ्रेमला काचेच्या कडेत खाच पाडलेली असते, त्यात नायलॉनची दोरी बसते. रिमलेसला काचेला भोकं पाडतात. तेव्हा फुल रिममधून फुल रिममध्ये जाणं सगळ्यात सोपं. सुप्रातून फुल रिममध्ये जायचं तर जुनी खाच पूर्ण घासून जाईल एवढी काच जास्त हवी. फुल रिममधून सुप्रात जायचं तर कडेला साधारण 2 मिमी तरी जाडी हवी, कमी मायनस नंबरच्या काचेला ती नसते आणि लहान केल्यावर अजूनच कमी होते. रिमलेससाठी साधी सीआर-39 प्लॅस्टिकची काच वापरू नका, भोकापासून तडा जातो, पॉलिकार्बोनेट टिकते. रिमलेसमधून निघालेल्या काचेची भोकं कापात गेली तरच ती पुढे वापरता येते, आणि ती फारच आत असतात, म्हणून तो नाद सोडलेला बरा.

प्लस नंबरवाल्यांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. मायनसची काच कडेला जाड असते, त्यामुळे लहान फ्रेममध्ये कापली की जाड भाग निघून जातो आणि चष्मा आधीपेक्षा पातळ, हलका दिसतो, फायदाच. प्लसची काच मध्ये जाड असते आणि ती जाडी मोठ्या फ्रेमच्या हिशोबाने ठरलेली असते, लहान कापली तरी मधली जाडी तेवढीच राहते आणि वर कडही जाड दिसायला लागते. नजर तीच मिळेल, पण लहान फ्रेमसाठी नवीन बनवलेल्या काचेइतकी पातळ होणार नाही. दिसण्याचं मनावर घेणाऱ्यांनी हे धरून चाला.

काचेची गोलाई पण बघावी लागते. चेहऱ्याला वळसा घालणाऱ्या स्पोर्ट्स गॉगलच्या फ्रेममध्ये साध्या चष्म्याची सपाट काच जात नाही, जबरदस्तीने बसवली तर एक तर निसटते नाहीतर फ्रेम उघडते. जुन्या काचांना रंग देऊन गॉगल करायचा विचार बरेच जण करतात, साधी सीआर-39 आणि वर अँटी रिफ्लेक्शन कोटिंग नसेल तर रंग चढतो, कोटिंग असेल तर नाही, पॉलिकार्बोनेटही रंग नीट घेत नाही.

प्रोग्रेसिव्ह म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर, पण मध्ये रेघ नाही, अशा काचांबद्दल थोडं थांबून. यात सेंटर एकच नाही, वर लांबचं, मध्ये कॉरिडॉर म्हणजे दोन्हींना जोडणारा अरुंद पट्टा, खाली वाचायचं, आणि ते सगळं बुबुळापासून किती खाली सुरू होतं हे ठरलेलं असतं. बुबुळापासून फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत डिझाइनप्रमाणे साधारण 14 ते 18 मिमी तरी लागतातच. जुनी काच उंच फ्रेममधली आणि नवीन फ्रेम बुटकी असेल तर काच कापून छान बसेल, पण वाचायचा भाग कचऱ्यात गेलेला असेल. प्रोग्रेसिव्हवर कंपनीने फिकट खुणा कोरलेल्या असतात, दोन खुणा एकमेकींपासून 34 मिमी अंतरावर, काचेवर तोंडाची वाफ सोडून तिरक्या उजेडात बघितलं की दिसतात. चष्मेवाला त्यावरून मूळ खुणा परत आखू शकतो, आणि आखल्याशिवाय त्याला कापू देऊ नका. खरं सांगायचं तर प्रोग्रेसिव्ह असेल तर तेच मॉडेल आणि तोच साइज मिळाला तरच हे करा. बायफोकलला निदान रेघ डोळ्यांना दिसते, ती खालच्या पापणीच्या आसपास यायला हवी, तेवढं फ्रेम घालून बघता येतं.

तेच मॉडेल मिळालं तर मात्र काहीच कापावं लागत नाही, घरी पण करता येतं. मेटल फ्रेम असेल तर काडीच्या बिजागरीजवळ रिमचा बारीक स्क्रू असतो, बरोब्बर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, पूर्ण काढू नका, रिम उघडण्यापुरता सैल करा, काच अलगद बाहेर येते. स्क्रू गंजून बसला असेल तर तेलाचा थेंब सोडून वाट बघा, जोर केला की डोकं झिजतं. जाड प्लॅस्टिकच्या ऍसिटेट फ्रेमला हेअर ड्रायरने रिम गरम करा, झोत रिमवर ठेवा, काचेवर नको, कारण उष्णतेने कोटिंगला भेगा पडतात. रिम हाताला मऊ लागली की मागून अंगठ्याने नाकाकडच्या कोपऱ्यापासून काच पुढे ढकला. बसवताना पुढून, आधी कानाकडची कड खाचेत, मग नाकाकडची दाबायची. अस्सल काचेची म्हणजे ग्लासची लेन्स असेल तर घरी जोर लावू नका, टवका उडतो. आणि प्रत्येक वेळी फरशीवर नाही, टॉवेल पसरून त्यावर.

कापून घ्यायचं असेल तर चष्मेवाल्याशी आधी बोलून घ्या. बरेच जण जुन्या काचेला हात लावत नाहीत आणि त्यांचं अगदी चूक नाही, जुनी काच मशीनवर तडकली तर भांडण होतं. तुटली तर जोखीम माझी असं स्वतःहून सांगा आणि फक्त फिटिंगचा दर विचारा. त्यांना सांगायच्या दोनच गोष्टी, सेंटर माझ्या पीडीवरच ठेवा, काच पुरत नसेल तर कापू नका, मला फोन करा. आणि काचेवर पाणी न ठरणारं गुळगुळीत कोटिंग असेल तर घसरू नये म्हणून अँटी स्लिप पॅड लावा, कारण घासताना काच मशीनच्या पकडीत फिरली तर ऍक्सिस गेला.

चष्मा हातात आला की परत तीच अधिकची खूण आणि तीच पट्टी, सेंटरमधलं अंतर मोजा, दोन्ही एका उंचीला आहेत का बघा. काच रिममध्ये हलत असेल तर आत पारदर्शक लायनर म्हणजे बारीक पट्टी टाकून मिळते, तेवढ्यासाठी नवीन काच नको. उलट काच मोठी राहून आवळून बसवली असेल तर कडेने कोटिंग तडकतं. हे बघायचं तर संगणकाचा पांढरा स्क्रीन लावा, समोर चष्मा धरा आणि पोलराइज्ड गॉगल घालून गॉगल जरा तिरका करत बघा, कडेला रंगीत पट्टे दाटलेले दिसले तर ताण आहे, परत नेऊन थोडी घासून घ्या. पॉलिकार्बोनेटमध्ये मात्र असे रंग मुळातच दिसतात, तिथे घाबरू नका. नंबर 8 वगैरे असेल तर चष्मा डोळ्यापासून आधीइतक्याच अंतरावर बसतोय का तेही बघा, 2 मिमीने पुढेमागे झाला तरी नंबरात 0.12 च्या वर फरक पडतो, नाकाचे पॅड वाकवून तो जुळवता येतो.

आणि फक्त एकच काच चांगली उरली असेल तर तीही वाया नाही, दुसरी नवीन करताना तेच मटेरियल, तोच इंडेक्स आणि तेच कोटिंग मागा, नाहीतर एक काच हिरवट चमकते, दुसरी निळसर, आणि जाडीतला फरक समोरच्याला लगेच दिसतो. मुलांच्या चष्म्यात मात्र मोठ्यांच्या जुन्या सीआर-39 किंवा ग्लासच्या काचा कापून घालू नका, त्यांना पॉलिकार्बोनेटच हवी, आणि त्यांचा नंबरही भराभर बदलतो.

ज्या काचा आत्ता कुठेच बसत नाहीयेत त्या एकावर एक ठेवू नका, प्रत्येक वेगळ्या मऊ कागदात गुंडाळून पाकिटात टाका आणि पाकिटावर उजवी-डावी, नंबर, ऍक्सिस, मटेरियल, तारीख आणि जुन्या फ्रेमचे दोन आकडे लिहा, 54-18 असे. पुढच्या वेळी फ्रेम बघायला जाताना त्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या, कारण दुकानात ऐन वेळी तोच ब्रिजचा आकडा आठवत नाही.